वजन उतरवणे जमले, उतरलेले राखणे जमले नाही : वैद्यकीय मार्गदर्शनातून नेमके काय मागावे?

काठावरचा (प्रश्न)

माझे वय ४७, उंची १६८ सेंटिमीटर आणि आजचे वजन ९१ किलो आहे. दोन वर्षांपूर्वी ते ९४ होते. त्या वेळी कोणालाही न विचारता मी पाच महिने इतके कडक पथ्य पाळले की काटा ८० वर आला. सगळ्या विजारी कमरेत आत घेऊन झाल्या, आणि ज्या शिंप्याकडे त्या आत घेतल्या त्याच्याचकडे पुढच्या दीड वर्षात दोनदा जाऊन त्या पुन्हा सोडवून आणाव्या लागल्या, कारण चौदापैकी अकरा किलो परत आले होते. घरात आता हा विषय निघाला की 'नव्याचे नऊ दिवस' एवढेच ऐकू येते, आणि त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही.

मागच्या महिन्यात तपासणी झाली. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.१ आले, म्हणजे मधुमेह नाही, पण त्याचा उंबरठा आहे, असे डॉक्टर म्हणाले. रक्तदाबाची एक गोळी गेली चार वर्षे चालू आहे. कमरेतून पायात उतरणाऱ्या वेदनेसाठी सव्वा वर्षापासून रात्री प्रीगाबालिन घेतो. झोप सात तास होते, तरी सकाळी उठल्यावर थकवा तसाच असतो. माझे घोरणे बंद दारापलीकडेही ऐकू येते, अशी पत्नीची तक्रार आहे, पण तो येथे मुद्दा नाही.

डॉक्टरांनी मला वजन ७ टक्के कमी करायला सांगितले आहे, म्हणजे जेमतेम साडेसहा किलो, आणि दर पंधरा दिवसांनी भेटायला बोलावले आहे. ज्याने एकदा चौदा किलो उतरवून दाखवले त्याला साडेसहा किलोंचे उद्दिष्ट देणे मला थोडे अपमानास्पदच वाटले. एवढ्याने काय साधणार? दर पंधरवड्याला जाऊन त्यांच्याकडून मी काय घ्यायचे, आहाराचा तक्ता तर एकदाच मिळतो ना? हल्ली ज्या इंजेक्शनांची चर्चा आहे ती मागावीत का? आणि सर्वांत मनात घोळणारा प्रश्न असा की मागच्या वेळी जे घडले तो केवळ माझा आरंभशूरपणा होता का?

बाह्यरुग्ण

मी फिजिशियन आहे आणि माझ्या रोजच्या रुग्णांत तुमच्यासारखे अनेक जण असतात. येथे बसून मी निदान करणार नाही, पण तुमच्या डॉक्टरांपुढे कोणते प्रश्न ठेवावेत, हे नक्की सांगू शकतो.

आधी ७ टक्क्यांबद्दल. हा आकडा तुमची कुवत पाहून ठरवलेला नाही. अमेरिकेत 'डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम' नावाची एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. तिच्यातील ३,२३४ जण तुमच्याच स्थितीत होते: साखर वाढलेली, पण मधुमेह झालेला नाही. त्यांतील एका गटाला वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालण्याइतका व्यायाम अशी दोनच उद्दिष्टे दिली होती, आणि सरासरी २.८ वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण नुसती दिखाऊ, औषध नसलेली गोळी घेणाऱ्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी राहिले. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांत हीच घट ३१ टक्के होती. त्या लोकांचे सरासरी वजन किती उतरले होते? साडेपाच किलोंच्या जरासे पुढे. म्हणजे चौदा किलो उतरवून अकरा परत घेणाऱ्यापेक्षा सहा किलो उतरवून ते तेथेच ठेवणाऱ्याच्या स्वादुपिंडाला अधिक दिलासा मिळतो, असे मी माझ्या रुग्णांना सांगतो. शिवाय पंधरा वर्षांनी पाहिले तेव्हा अनेकांचे वजन बऱ्याच अंशी परत आलेले होते, तरी त्या गटातील मधुमेहाचे प्रमाण २७ टक्क्यांनी कमीच होते.

आता आरंभशूरपणा. हा शब्द मी माझ्या खोलीत वापरू देत नाही. वजन झपाट्याने उतरले की शरीराला तो दुष्काळ वाटतो आणि ते त्याप्रमाणे वागू लागते: चरबीच्या पेशींतून येणारे, भूक आवरणारे लेप्टिन घटते, भूक जागवणारे घ्रेलिन वाढते, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत क्षीण होऊन पोहोचतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० जणांना दहा आठवडे अत्यल्प उष्मांकांच्या आहारावर ठेवले होते. त्यानंतर वर्ष उलटले तरी ही संप्रेरके पूर्वपदावर आली नव्हती आणि त्या लोकांना भूकही पूर्वीपेक्षा जास्त लागत होती. भूक आणि खर्च या दोन्हींचा हिशेब केविन हॉल या संशोधकाच्या गटाने २०१६ मध्ये मांडला. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा दैनंदिन खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो, पण भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते, असा त्यांचा अंदाज आहे. लोक चयापचय मंदावल्याची तक्रार करतात. खरी ओढ भुकेची असते आणि ती दिवसभर, न थकता चालू राहते.

तुमच्या प्रश्नातील दोन वाक्ये मात्र मला मुख्य प्रश्नांपेक्षा महत्त्वाची वाटली, आणि तुम्ही ती जाता जाता लिहिली आहेत. प्रीगाबालिनने काही जणांचे वजन वाढते. तुमची गोळी सव्वा वर्षापूर्वी सुरू झाली आणि वजन दीड वर्षात परत आले. हा योगायोगही असू शकतो, पण वजनाच्या नोंदींवर गोळी सुरू झाल्याची तारीख ठेवून पाहिल्याशिवाय तो योगायोगच आहे, असे म्हणता येणार नाही. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या, काही मनोविकारविरोधी औषधे, अपस्मारावरचे व्हॅल्प्रोएट, नैराश्यावरची अमिट्रिप्टिलीन व मिर्टाझापीन, रक्तदाबावरचे काही बीटाब्लॉकर यांच्याबाबतही हे घडते, म्हणून रक्तदाबाची गोळी कोणत्या गटातील आहे तेही विचारा. हे वाचून कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. प्रीगाबालिन तर एकदम थांबवणे त्रासदायक ठरते, ते हळूहळूच कमी करावे लागते.

दुसरे वाक्य घोरण्याचे. उच्च रक्तदाब, मोठ्याने घोरणे, पुरेशी झोप होऊनही सकाळचा थकवा आणि बत्तीसच्या घरातील बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) हे सगळे एकत्र आले की झोपेत श्वास अडण्याच्या विकाराचा, म्हणजे स्लीप ॲप्नियाचा, विचार करावाच लागतो. ज्याची झोप रात्रभर तुटते त्याची दुसऱ्या दिवशीची भूक आणि चालण्याचा उत्साह या दोन्हींचा तोल जातो, आणि मग आपण इच्छाशक्तीला दोष देत बसतो. तेव्हा तो येथे मुद्दा आहे.

दर पंधरवड्याच्या भेटीत काय घ्यायचे, त्याचे उत्तर यातच आले. तक्ता कोठेही मिळतो. थायरॉइडची टीएसएच, यकृताची विकरे, रक्तातील चरबी, मूत्रपिंडाचे काम, कंबरेचा घेर, औषधांची झडती आणि झोपेची चौकशी या गोष्टी सुरुवातीला एकदा नीट व्हाव्यात. (कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हे ढोबळ माप ध्यानात ठेवा, तुमच्यासाठी ते ८४ सेंटिमीटर होते.) त्यानंतर खरे काम असते ते वजन अडते किंवा उलटते तेव्हा त्याच पंधरवड्यात कोणीतरी तुमच्यासोबत बसून कारण शोधण्याचे. वजन उतरू लागल्यावर रक्तदाबाच्या गोळीचे प्रमाण कमी करावे लागू शकते, त्यामुळे उठताना चक्कर आल्यासारखे वाटले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता कळवा.

पायवाट

मी डॉक्टर नाही. १०२ किलोंवरून ८४ वर आलो आणि गेली सहा वर्षे बहुतेक काळ ८३ ते ८७ यांच्या मध्ये आहे, एवढीच माझी पात्रता. त्याआधी मी तीन वेळा वजन उतरवून तीनही वेळा परत मिळवले होते, म्हणून तुमच्या शिंप्याची गोष्ट वाचून हसूही आले आणि वाईटही वाटले.

चौथ्या वेळी माझ्या डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला, जो आधी कोणी विचारला नव्हता: 'वजन उतरल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी तुम्ही काय करणार आहात?' मला उत्तर देता येईना. माझ्या डोक्यात 'उतरल्यानंतर' असा काळच नव्हता. तेथे पोहोचलो की सुटलो, एवढेच होते. मग त्यांनी उलट टोकाकडून सुरुवात केली. जे सोमवारनंतर दहा वर्षे करता येणार नाही ते आजही करायचे नाही, असा नियम ठरला. त्या नियमात माझे दोन तासांचे व्यायामाचे वेड गेले, रात्रीचे जेवण वगळणे गेले, आणि उरल्या त्या दिसायला अगदी किरकोळ गोष्टी.

त्यांतील एक जवळून सांगतो. माझे खाणे दिवसा कधीच बिघडत नसे. ते बिघडे रात्री साडेदहाला. सगळे झोपलेले असत, मी दिवाणखान्यातील दिवा मालवून पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात जाई, फ्रिज उघडे आणि त्याच्या उजेडात उभ्यानेच खाई. किती खाल्ले याची नोंद ना वहीत होई ना मनात. आहारतज्ज्ञ बाईंना मी हे सांगायला चार भेटी घेतल्या. त्यांनी उपदेश केला नाही. पाण्याची बाटली झोपायच्या खोलीत ठेवायला सांगितली आणि दात साडेदहाऐवजी साडेनऊला घासायला सांगितले. भूक लागली तर खायचे, पण ताटलीत वाढून, दिवा लावून आणि बसून. पहिल्या आठवड्यात मी दोनदा दिवा लावून बसून खाल्लेही. तिसऱ्या महिन्यात कधीतरी लक्षात आले की मी रात्री स्वयंपाकघरात जाणेच विसरलो आहे.

दुसरी गोष्ट काट्याची. मी रोज सकाळी त्याच वेळी वजन करतो, पण पाहतो ते आठवड्याची सरासरी. सरासरी ८७ च्या वर गेली की डॉक्टरांना फोन करायचा, असे आमचे ठरलेले आहे. सहा वर्षांत असे चार वेळा झाले: एकदा पायाचे हाड मोडले तेव्हा, एकदा वडील आजारी होते तेव्हा, आणि दोनदा काहीही कारण नसताना. ८७ वर असताना परत फिरणे सोपे असते. मागच्या तीनही वेळी मी काटाच पलंगाखाली सरकवून दिला होता आणि थेट ९८ वर भानावर आलो होतो.

ज्यांना रोजचा आकडा पाहून दिवसभर खिन्न वाटते, किंवा ज्यांना पूर्वी खाण्याशी संबंधित मानसिक आजार झालेला आहे, त्यांनी हे करू नये. माझ्या बहिणीला तिच्या डॉक्टरांनी काटा घरात ठेवायलाच मनाई केली आहे.

शंकासुर

सर्वांचा आदर राखून विरोधी मत मांडतो. संप्रेरके, झोप, गोळ्या ही सगळी कारणे माणसाला ऐकायला गोड लागतात. शेवटी जितके आत जाते त्यापेक्षा जास्त खर्च झाले की वजन उतरते, आणि ज्याला ते जमत नाही त्याचा निर्धार कमी पडतो. ७,७०० कॅलरी म्हणजे एक किलो, हा हिशेब शाळकरी मुलालाही कळतो. रोज ५५० कमी खाल्ले तर दोन आठवड्यांत एक किलो आणि वर्षात सव्वीस किलो उतरायलाच हवे. शिवाय अमेरिकेतच 'लुक अहेड' नावाची चाचणी झाली होती. मधुमेही लोकांचे वजन वर्षानुवर्षे प्रयत्नपूर्वक उतरवूनही हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. मग एवढा खटाटोप कशासाठी?

बाह्यरुग्ण

शंकासुर, तुमचा शेवटचा मुद्दा खरा आहे आणि तो कोणीतरी मांडायलाच हवा होता. 'लुक अहेड'मध्ये टाइप २ मधुमेहाचे ५,१४५ जण होते, २०१३ मध्ये निष्कर्ष आले आणि हृदयविकार व पक्षाघात यांच्या एकत्रित प्रमाणात दोन गटांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. पण त्याच चाचणीत जीवनशैली गटातील लोकांना औषधे कमी लागली, झोपेतील श्वासाचा विकार सौम्य झाला, मूत्रपिंडाच्या गंभीर आजाराचे प्रमाण घटले आणि चालण्याफिरण्याची क्षमता अधिक टिकली. वजन घटवल्याने सगळेच टळते, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण आपल्या पायांनी जिना चढता येणे ही ज्याला किरकोळ बाब वाटते तो बहुधा तरुण असतो.

७,७०० चा हिशेब मात्र कागदावरच बरोबर आहे. वजन जसे उतरते तसा खर्चही घटतो, त्यामुळे तीच ५५० ची तूट सहा महिन्यांनी तेवढी उरत नाही आणि रेघ सरळ न जाता हळूहळू आडवी होते. सव्वीस किलोंची अपेक्षा धरून बसलेला माणूस नेमका याच आडव्या रेघेवर निराश होतो आणि सगळे सोडून देतो. सुरुवातीच्या आठवड्याचेही तसेच आहे. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (हा शरीरातील साखरेचा साठा) सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. आहार कमी केला की ते आधी निघून जाते. म्हणून पहिल्या आठवड्यातील दोन-तीन किलोंची मजल हा बराचसा पाण्याचा खेळ असतो, आणि तिसऱ्या आठवड्यात 'आता उतरतच नाही' असे वाटते ते त्यामुळेच.

निर्धाराबद्दल एकच सांगतो. ऊर्जेचा नियम कोणीच नाकारत नाही. पण श्वास रोखून धरायलाही निर्धार लागतो आणि खास सराव नसलेल्या कोणाचाही तो दोन-तीन मिनिटांपलीकडे टिकत नाही. याचा दोष आपण त्या माणसाच्या चारित्र्याला देत नाही.

इंजेक्शनांचा प्रश्न आधी राहून गेला. सेमाग्लुटाइडच्या २०२१ मधील मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले, दिखाऊ औषधाच्या गटात २.४ टक्के, टिर्झेपटाइडच्या सर्वाधिक मात्रेने २०२२ च्या चाचणीत सुमारे २१ टक्के. ही औषधे नेमकी त्या भुकेच्या ओढीवर काम करतात, म्हणून ती घेणे म्हणजे पळवाट नव्हे. बीएमआय ३० च्या वर असल्यास, किंवा २७ च्या वर असून सोबत रक्तदाबासारखा आजार असल्यास, त्यांचा विचार केला जातो. त्या अर्थाने काठावरचा यांनी विचारणे गैर नाही. मात्र औषध थांबवल्यानंतर एका वर्षात उतरलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आल्याचे त्याच चाचणीच्या पुढच्या टप्प्यात दिसले. रक्तदाबाच्या गोळीसारखे हे दीर्घकाळाचे औषध आहे, असे धरूनच निर्णय घ्यावा. मळमळ आणि बद्धकोष्ठता नेहमीची; स्वादुपिंडदाह होऊन गेलेला असेल, किंवा घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झालेला असेल, तर पहिल्याच भेटीत सांगायला हवे. आणि औषधाने जेवण निम्म्यावर आले की उरलेल्या निम्म्यात काय आहे याला दुप्पट महत्त्व येते; तो प्रांत आहारतज्ज्ञांचा.

मोजमाप

आहारतज्ज्ञ म्हणून तोच धागा पुढे नेते. वजन उतरते तेव्हा चरबीसोबत स्नायूही जातात. ढोबळ मानाने उतरलेल्या वजनाचा पाव हिस्सा चरबीव्यतिरिक्तचा असतो. काठावरचा, तुमच्या पहिल्या प्रयत्नात पाच महिन्यांत चौदा किलो गेले, त्यांत तीन-साडेतीन किलो असे असू शकतील, आणि परत आलेल्या अकरांत चरबीचा वाटा जास्त असण्याचीच शक्यता आहे. म्हणून या वेळी आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम आणि प्रत्येक जेवणात प्रथिनांचा ठळक वाटा या दोन गोष्टी पहिल्या आठवड्यापासून हव्यात. मूत्रपिंडाच्या तपासणीचा निकाल हाती येईपर्यंत प्रथिनांचे प्रमाण स्वतःच्या मनाने वाढवू नका. वेगही आवरा: आठवड्याला दीड किलोहून अधिक वेगाने वजन उतरले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

कोणता आहार, हा प्रश्न मला रोज विचारला जातो आणि माझे उत्तर विचारणाऱ्याला नेहमी निराश करते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६०९ जणांना दोन गटांत विभागले होते; एकाने स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्याने कर्बोदके. वर्षअखेर पहिल्या गटाचे सरासरी ५.३ किलो उतरले आणि दुसऱ्याचे ६, म्हणजे म्हणावा असा फरक नाही. दोन्ही गटांना भाज्या भरपूर घ्यायला, साखर व मैदा कमी करायला आणि कारखान्यातून तयार होऊन येणारे पदार्थ टाळायला सांगितले होते. या शेवटच्या गोष्टीला मी फार मानते. २०१९ मधील एका प्रयोगात २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. पुढे वाढलेल्या अन्नातील साखर, चरबी, तंतू यांचे प्रमाण सारखे ठेवले होते आणि हवे तेवढे खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेले अन्न मिळत असताना तीच माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. त्यांचा निर्धार दोन आठवड्यांत बदलला नव्हता, शंकासुर; ताटातले बदलले होते.

नोंदीबद्दल एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी. 'मी काहीच खात नाही तरी वजन उतरत नाही' असे मनापासून सांगणाऱ्या दहा जणांचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या शरीराचा प्रत्यक्ष खर्च अचूक पद्धतीने मोजला तेव्हा तो ठीकठाक निघाला, पण ते आपले खाणे सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. ते खोटे बोलत नव्हते. पायवाट यांचे फ्रिजच्या उजेडातले खाणे आठवा. ते त्यांच्याही हिशेबात नव्हते. म्हणून मी सुरुवातीला पंधरा दिवस फक्त नोंद मागते, बदल काहीच मागत नाही, आणि पदार्थाच्या शेजारी तीन गोष्टी लिहायला सांगते: वेळ, जागा आणि त्या क्षणी खरोखर भूक होती का. सवयीचा धागा बहुतेक वेळा या तीन रकान्यांत सापडतो, कॅलरीच्या रकान्यात क्वचितच.

'एकवीस दिवसांत सवय लागते' हे जे सर्वत्र वाचायला मिळते त्यावर विसंबू नका. ९६ जणांच्या एका अभ्यासात (२००९) नवी कृती अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५० हून अधिक दिवस लागतील, असे दिसले. त्यात एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही आढळले. पायवाट यांना तिसऱ्या महिन्यात विसर पडला, तो अगदी वेळेवर पडला म्हणायचा. तेव्हा एका वेळी एकच बदल घ्या, तो आधीच ठरलेल्या एखाद्या नित्यकर्माला बांधा, आणि तो अंगवळणी पडेपर्यंत दुसरा घेऊ नका.

काठावरचा

पाच आठवड्यांनी परत येऊन लिहितो आहे. मध्यंतरी डॉक्टरांकडे दोन भेटी झाल्या.

घोरण्याविषयी आणि गोळीविषयी मी स्वतःहून विषय काढला. डॉक्टरांनी माझ्या वजनाच्या जुन्या नोंदी मागितल्या. मोबाइलमध्ये त्या होत्याच. ८० ते ८२ पर्यंतचा चढ गोळीच्या आधीचा निघाला आणि त्यानंतरचा बहुतेक सगळा गोळी सुरू झाल्यानंतरचा. सगळे खापर गोळीवर फोडता येणार नाही, असे त्यांनी बजावले, कारण त्याच काळात दुखण्यामुळे माझे चालणेही थांबले होते. पण वेदनेच्या डॉक्टरांशी बोलून मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करायला सुरुवात झाली आहे आणि सोबत फिजिओथेरपी. झोपेची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. इंजेक्शनाचा विचार तीन महिन्यांनी करू, झोपेचा निकाल आधी पाहू, असे ठरले.

नोंदवहीने मात्र मला चकित केले. माझे बिघडते ते जेवणात, असे मी समजत होतो. पंधरा दिवसांत 'भूक होती का' या रकान्यात 'नाही' असे एकोणीस वेळा आले, आणि त्यांतले चौदा वेळा जागा एकच होती: कार्यालयातून परतल्यावर गाडी थांबवून घरात शिरण्यापूर्वीची पाच-दहा मिनिटे, गाडीतच बसून. त्या पाच-दहा मिनिटांत मी खात नसून बहुधा दिवस संपवत असतो, असे पत्नी म्हणाली, आणि 'नव्याचे नऊ दिवस' या वेळी ती म्हणाली नाही. सध्या एकच बदल घेतला आहे: गाडी थांबली की आधी वीस मिनिटे चालायचे, मग घरात. एकवीसपैकी सोळा दिवस ते जमले.

वजन नऊशे ग्रॅमने कमी झाले आहे. पूर्वी तीन आठवड्यांत पाच किलो उतरले होते, हे आठवते आणि मन खट्टू होते. एक विचारायचे होते: प्रीगाबालिन कमी होत असताना पावलांवरची सूज थोडी ओसरल्यासारखी वाटते, मग हे नऊशे ग्रॅम चरबीचे धरायचे की पाण्याचे?

बाह्यरुग्ण

ती सूज त्या औषधाने येऊ शकते, त्यामुळे काही भाग पाण्याचा असेल. पावलांची सूज डॉक्टरांना पुढच्या भेटीत आवर्जून दाखवा, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ती येते. कंबरेचा घेर नाभीच्या पातळीवर, श्वास सोडल्यावर, दर पंधरवड्याला त्याच वेळी मोजून वजनाशेजारी लिहा. दोन-तीन नोंदींनंतर चरबीचा अंदाज काट्यापेक्षा त्यावरून बरा येईल. आणि सोळा दिवसांचा आकडा त्या वहीत वजनाच्या वरच्या ओळीत लिहा.

मोजमाप

उरलेल्या पाच दिवसांत काय आडवे आले, तेही लिहा. पाऊस, फोन की उशीर, त्यावरून पुढचा बदल ठरवता येईल.